एका नावाची दोन कार्डं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात दुपारभर मी एकटीच त्यांच्या खाटेजवळ असायची. एकदा अगदी ओठांवर आलं होतं — आणि मी त्यांना विचारलं, पाणी देऊ का? तुम्हाला का सांगतेय मग? तुम्ही आम्हा दोघींपैकी कुणालाच ओळखत नाही, म्हणून असेल.

दोघी म्हणजे मी आणि माझी चुलत बहीण. दोघींचंही नाव सुजाता.

आम्ही आसेगावच्या. माझे बाबा रामदास, तिचे वडील रमेश, माझे काका. आमच्या जन्मात एकोणीस दिवसांचं अंतर. दोन्ही आया बाळंतपणाला आपापल्या माहेरी गेलेल्या, आणि आत्याही दोन. एक आत्या माझ्या बारशाला गेली, दुसरी तिच्या. दोघींच्याही मनात एकच नाव. घरात तेव्हा फोन कुठला? दोन्ही लेकी गावात आल्या तोवर नावं तोंडात बसून गेली होती, आणि आत्या एकमेकींचं ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. मग गावानंच तोड काढली. आमचं घर चढावर, विहाराच्या बाजूला. काकांचं खाली, नाल्याकडे. मी वरची सुजाता, ती खालची.

आम्ही एकमेकींना ‘सुजा’ म्हणायचो. हाक मारली की स्वतःलाच मारल्यासारखं वाटायचं. शाळेत बाईंनी नाव घेतलं की दोघी उभ्या. शाबासकी एकीची असायची, मार एकीचा असायचा, उभ्या मात्र दोघी. तिच्या वाटची छडी मी एकदा खाल्लीय — हे सांगताना मला अजून बरं वाटतं, बघा. मीही कधी चांगली होते, असं वाटतं.

अकरावीला आम्ही मंगरूळपीरला जाऊ लागलो, रोज एसटीनं. तिथं कॉलेजात सिकलसेलची तपासणी आली. आमच्या भागात हा शब्द नवा नाही. रक्तातला आजार, आईबापाकडून लेकरात उतरणारा. तपासणी झाली की कार्ड मिळायचं. पांढरं म्हणजे काही नाही. लाल म्हणजे आजार. आणि पिवळं — पिवळं म्हणजे तुम्ही ठणठणीत, पण तो तुमच्या रक्तात दडून बसलेला. दोन पिवळ्यांचं लग्न झालं तर लेकरू लाल निघू शकतं. आमच्याच गल्लीत एक लाल कार्डाचं पोर होतं. त्याचे सांधे दुखायला लागले की त्याचं ओरडणं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

खालची सुईला फार भ्यायची. म्हणून मी पुढं झाले. प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी दिली होती. माझा एकेचाळीस, तिचा बेचाळीस. तिनं ती चिठ्ठी घामेजल्या मुठीत चुरगाळून कुठं टाकली, तिलाही ठाऊक नाही. माझी मी कंपासपेटीत ठेवली.

कार्डं आली त्या दिवशी ती कॉलेजात नव्हती. काकू आजारी होती म्हणून घरी थांबलेली. सरांनी दोन्ही कार्डं माझ्याच हातात दिली. दोन्हींवर एकच नाव — सुजाता आर., आणि आडनाव. रामदासचाही आर, रमेशचाही आर. वय एक, गाव एक, वर्ग एक. एक कार्ड पांढरं, एक पिवळं. सर म्हणाले, “कोनाचं कोनतं, पाहून घेजा गं घरी.”

कोपऱ्यात बारीक आकड्यांत नंबर होता. पिवळ्यावर एकेचाळीस.

मंगरूळपीरहून आसेगावला यायला एसटीला किती वेळ लागतो? फार नाही. पण विचार करायला पुरेसा लागतो. हे मी मुद्दाम सांगतेय. क्षणभर बुद्धी फिरली, असं मला म्हणता येत नाही. मी खिडकीशी बसले होते. आमच्याच वर्गातल्या एका मुलीच्या मोठ्या बहिणीचं जमलेलं लग्न पिवळ्या कार्डावरून मोडलं होतं, आणि त्यानंतर बाया तिच्याकडे कशा बघायच्या ते मी पाहिलं होतं. माझ्याकडे कुणी तसं बघायला नको होतं. एवढंच. दुसरं काहीही नव्हतं त्यात. तिचा राग नव्हता, हेवा नव्हता. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिच्यावरही मी हेच ढकललं असतं — ती फक्त माझ्या नावाची होती.

मी कंपासपेटी उघडली, चिठ्ठीचे तुकडे केले आणि खिडकीतून सोडून दिले. गावात उतरले. आधी खाली गेले, काकांच्या घरी. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी पिवळं कार्ड तिच्यापुढे धरलं.

“हे तुयं.”

“अन् तुयं?”

“पांढरं.”

तिनं पिठाचा हात पुसला, कार्ड घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. आणि काय म्हणाली असेल? म्हणाली, “बरं झालं, तुले तरी नाही.”

हा झाला गुन्हा. इथंच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सतरा वर्षांची पोर होते, घाबरले — तुम्हीही मनात म्हणाला असता, जाऊ दे. पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

काकूनं ते स्वतःवर घेतलं. आजार रक्तातून येतो म्हणतात, मग हा माझ्याच माहेरचा असणार, असं तिच्या डोक्यात बसलं. लोकांनीही बसवलं. काका बोलायचे नाहीत, पण काकू त्यांच्यासमोर ताट ठेवताना मान वर करीनाशी झाली. काही वर्षांनी ती गेली. तेच मनात घेऊन गेली.

आम्ही विशीत असताना खालचीचं जमलं. मानोऱ्याला एका लग्नात तिची आणि नितीनची ओळख झाली होती. तो कामरगावचा, वायरमनचं काम करायचा. घरच्यांना पसंत, तिला तर फारच पसंत. मंडळी काकांकडे आली, विहारात लग्न कधी लावायचं इथपर्यंत बोलणं आलं, आणि त्याच्या थोरल्या भावानं सहज विचारलं, मुलीचं कार्ड आहे का? आमच्या नितीनचं पिवळं आहे.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. खालची आत गेली, पेटीतलं कार्ड घेऊन आली आणि सगळ्यांसमोर ठेवलं. लपवता आलं असतं तिला. तिनं लपवलं नाही.

नितीन म्हणत होता, तरी करू. डॉक्टरला विचारू, पोटात असतानाच तपासता येतं म्हणतात. काकाही विरघळले होते. नको म्हणाली ती.

“लेकराले कायले भोगाले लावू मी? त्या पोट्ट्याचं वरडनं आइकलं नाही का तुमी?”

मी ट्रे घेऊन तशीच उभी. एक वाक्य लागत होतं. कार्डं अदलाबदल झाली असतील, पुन्हा तपासून घ्या. बस, एवढंच! मी कपांतला चहा सांडू नये म्हणून ट्रे सावरत राहिले.

वर्षभरात माझं लग्न झालं. मुलाकडच्यांनी कार्ड मागितलं. बाबांनी मोठ्या अभिमानानं पांढरं कार्ड पुढे केलं.

आणि आता ते, जे मला सगळ्यांत जड जातं. मला दिवस गेले तेव्हा दवाखान्यात रक्त तपासलं. सिस्टर म्हणाली, तुम्ही पिवळ्या आहात, नवऱ्याला घेऊन या. नवऱ्याची तपासणी झाली, त्याचं काही नव्हतं. सिस्टरनं सांगितलं, मग काळजीचं कारण नाही. घरी येताना नवरा म्हणाला, “अवं, तुयं कार्ड तं पांढरं होतं.” मी म्हटलं, कॅम्पात चुकलं असेल. तो म्हणाला, असेल. विषय संपला.

कळलं का तुम्हाला, माझ्या हातात काय आलं होतं? आता मला कबुलीही द्यायची गरज नव्हती. फक्त आसेगावला फोन करून म्हणायचं होतं, सुजा, माझं कार्ड चुकीचं निघालं, तुझंही एकदा बघ. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. आणि नितीन तेव्हा बिनलग्नाचा होता. तीन वर्षं थांबला होता तो. माझी आई फोनवर सांगायची, अजून करत नाही म्हणे तो कामरगावचा.

मी का केला नाही फोन? खूपदा विचारलंय स्वतःला. भीती होती की ती चिठ्ठीचं विचारेल. पण खरं सांगू? त्याहून लाजिरवाणं कारण आहे. काकू तेव्हा नुकतीच गेली होती. आता सांगितलं तर ‘मग काकू कशासाठी झुरली’ हेही कुणी तरी विचारलं असतं. मी म्हटलं, बाळंतपण होऊ दे, मग सांगू. मुलगी झाली. मग म्हटलं, बारसं होऊ दे. बारशाला खालची आली, दिवसभर माझ्या लेकीला मांडीवरून खाली ठेवेना. त्याच उन्हाळ्यात नितीनचं लग्न झालं.

एकोणतिसाव्या वर्षी तिनं लग्न केलं. मानोऱ्याकडचा एक विधुर, मोठी दोन मुलं असलेला. तिचीच अट होती, मला मूल नको. माणूस भला निघाला. तिथं ती आशाताई झाली. घरोघर जाऊन गरोदर बायांची नोंद, लसीकरण, आणि लग्नाच्या मुलींना कार्डाचं समजावणं. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, कारण ती स्वतःचं उदाहरण द्यायची. मी एकदा तिच्या गावी गेले असताना ऐकलंय. ओसरीवर पाचसहा पोरी बसलेल्या, आणि ती त्यांना सांगत होती, “मले पाहा. मी पिवळी हावो. मी दोन लेकरं वाचोली — जे झालेच नाही थे.” पोरी हसल्या. तीही हसली. मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला पुन्हा कोण तपासतं? कुणी नाही. पण गेल्या वर्षी त्यांच्याकडे तपासणीचं नवं साहित्य आलं. आशाताईंना शिकवताना आधी त्यांच्याच बोटांना सुई टोचली. तिचं काहीच निघालं नाही. तिनंच हट्ट धरला, पुन्हा करा, मी पिवळी आहे. पुन्हा केलं. मग वाशीमला रक्त पाठवलं. तिथूनही तेच आलं.

एका रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली, कळवलं नव्हतं. पिशवीत मेथीची जुडी आणि तो कागद. नवरा बाहेर गेला होता, लेक शिकवणीला. तिनं कागद माझ्यापुढे ठेवला.

“सुजा, मले काहीच नाही वं. कधीच नव्हतं.”

मी कागद वाचत राहिले. त्यात वाचण्यासारख्या दोनच ओळी होत्या.

ती म्हणाली, “कार्डं तूच आनली होती नं तवा?”

“हो.”

“एकच नाव होतं दोन्हीवर.”

“हो.”

ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत आरोप नव्हता. आरोप असता तर मी कदाचित — नाही, हेही खोटंच. ती म्हणाली, “तुले मालूम होतं का?”

मी म्हटलं, “नाही वं सुजा.”

किती सहज आलं ते. आवाज कापला नाही, काही नाही. तिनं मान हलवली आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. आईचं नाव घेऊन रडत होती. “माही माय उगाच मेली वं जिवाले खाऊन खाऊन.” मी तिला जवळ घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि मी काय म्हणाले ऐका — मी म्हणाले, कॅम्पवाल्यांचं काम असंच राह्यते, नाव पाहत नाही, गाव पाहत नाही. त्या बिचाऱ्यांनी नंबर नीट लिहिला होता. मी त्यांनाही सोडलं नाही.

तिनं तोंड धुतलं. चहा घेतला. म्हणाली, मेथी आजच कर, उद्या पिवळी पडेल. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. मानोऱ्याची गाडी लागलेलीच होती. चढता चढता वळून ती म्हणाली, “तुयाजवळ बोलली म्हनून मोकळं वाटलं. दुसरं कोन हाय मले?”

गाडी हलली. तिनं खिडकीतून हात केला, मीही केला. गाडी वळेपर्यंत करत राहिले.

त्यानंतर तिचे चार फोन आले. चारही वेळा आम्ही लेकीच्या परीक्षेचं बोललो. तिला मी सांगितलेलं नाही. सांगेन, असंही इथे लिहीत नाही.