वयनीचा शेपू

वयनीचं बोट मी मोडलं होतं.

आज सकाळी ती गेली. सगळे ग्रुपवर लिहितायत, किती शांत होती, किती सोशिक होती. किती सोशिक होती ते मला विचारा.

वयनी म्हणजे माझी मोठी जाऊ. मुलुंडला डोंगराखाली आमच्या दोन खोल्या, एकाच भिंतीला. दोन भाऊ, दोन दारं, आणि पुढे चार हात माती.

त्या मातीत ही बाई शेपू ठेवायची.
खायला नाही. एक काडी तोडू द्यायची नाही.

कमरेएवढा वाढायचा. मग वर पिवळी फुलं, क्रोशाच्या रुमालासारखी, जाळीजाळीची. वयनी दारात बसून बघत राहायची. बी आपोआप पडायचं, पुढच्या थंडीत आपोआप उगवायचं.

मला त्या वासाने मळमळायचं. आणि मला तिथे किचन वाढवायचं होतं. झोपताना गॅसला पाय लागायचे आमचे.

"वयनी, भाजी आहे ना ती? काप आणि खा."
"खावक नाय गे. बघूक."
"बघायला टीव्ही आहे की."
"तुझ्या टीव्हीक वास येता?"

नऊ वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडावर, माझं डोकं फिरलं. शेपूच्या सुकून काड्या झाल्या होत्या. मुळासकट उपटला. भिंतीवर आपटला. लादीवर झोडपला. पायाखाली तुडवला.

वयनी धावत आली, माझे केस धरले. मी तिच्या दंडाला चावले. तिने थोबाडीत दिली, माझा ओठ फुटला. मग कपडे धुवायचं धोपाटणं माझ्या हाती लागलं, ते तिच्या हातावर हाणलं.

कट्कन आवाज आला. अजून ऐकू येतो.

डॉक्टरने विचारलं, कसं झालं?
वयनी बोलली, "नळावर पडलंय."

रिक्षात मला हळूच बोलली, "घरात सांगू नको. तुझो नवरो तुका मारतलो."
खरं होतं ते. मारलंच असतं.

मी सॉरी बोलले नाही. बाहेर बघत बसले.

दिवाळीनंतर बघते तर काय, शेपू! तिच्या दारात, माझ्या दारात, लादीच्या फटीत, गटाराच्या कडेला. त्या सुक्या फुलांत बी होतं, आणि मी झोडपून झोडपून सगळीकडे उडवलं होतं.

वयनी हसून हसून खाली बसली. "शैले, फुकटात मळणी करून दिलंस गे!"

तेव्हा तरी बोलायचं होतं. मलाही हसू आलं होतं. ते दाबलं आणि दार आपटलं.

आज तिला हॉस्पिटलमधून घरी आणली. तिरडी बांधायला जागा पाहिजे म्हणून माझा नवरा कोयता घेऊन शेपूत शिरला. आत्ता फुलं भरात आहेत.

"बाजूला हो," बोलला. "गवत आहे नुसतं."

मी कोयता धरला. पात्याकडून. तळवा फाटला. दुसऱ्या हाताने त्याच्या कानाखाली वाजवली, अख्ख्या चाळीसमोर. लग्नाला तीस वर्षं झाली, पहिल्यांदा.

त्याने हात उगारला.

मी अहोजाहो विसरले. "मार. पण ह्यात पाय टाकलास तर दोन तिरड्या बांधाव्या लागतील."

त्याने पाय मागे घेतला.

तिरडी गल्लीत बांधली. लोकांनी स्कूटर हलवल्या.

तिला उचलली तेव्हा बाया बोलल्या, रड गं, मोकळी हो. मला रडू नाही आलं. राग आला. माझाच. एक शब्द नऊ वर्षं घशात ठेवला, आणि ऐकणारी खांद्यावरून चालली.

म्हणून इथे लिहिते, सगळ्यांनी वाचा.

वयनी, चूक माझी होती. मला माफ कर.

नीट जा. शैलाचा तुला शेवटचा नमस्कार.