पाण्याची दोन

गोवा घटकराज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. डिचोलीतल्या आमच्या नव्या सरकारी कचेरीच्या आवारात बारा बकुळी लावल्या होत्या. मी पेडण्याच्या बागायतदार घरातला, म्हणून कारकुनीबरोबर ती झाडंही माझ्याच गळ्यात पडली. मलाही झाडांतला जाणकार म्हणून मिरवायला आवडायचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात बकुळी पिवळ्या पडून गळू लागल्या. बकुळ बारमाही हिरवी. ती चैत्रात उघडी पडते म्हणजे काहीतरी दुखणं आहे, एवढं मला कळत होतं. मोठ्या साहेबांनी कारण लेखी मागितलं, तेव्हा मी माळ्याला बोलावलं. सावंतवाडीकडचा, रोजंदारीवरचा, पन्नाशीचा माणूस. माझ्याच हुकुमाने तो सकाळ-संध्याकाळ झाडांना पाणी घालायचा.

त्याच्या जिभेवर 'ण' नव्हताच, सगळे 'न'. ते मराठी की कोकणी या भांडणाचे दिवस. आमचं घर कट्टर मराठीवालं आणि माझा शुद्ध बोलण्याचा माज तर विचारू नका. मी त्याला सगळ्यांदेखत 'बाण' म्हणायला लावायचो आणि हसायचो. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

"साहेबानु," तो म्हणाला, "पान्याची दोन झाली हा. आता पुरे करूया."

मी ऐकलं ते दोन. दोन कळशा ओतून हा पुरे म्हणतोय! "दोन? चार घाल!" मी ओरडलो. तो आणखी काही सांगायला गेला, तर म्हटलं, आधी धड बोलायला शीक. त्याने मान खाली घातली आणि चार कळशा घातल्या.

पानं आणखीच झडली. मी लिहून दिलं, 'माळी पाणी घालण्यात कुचराई करतो.' अक्षर माझं सुरेख होतं. शनिवारी त्याचं काम बंद झालं. पंपाची चावी माझ्या टेबलावर ठेवून तो गुमान निघून गेला.

नवा माळी यायला तीन आठवडे लागले. तोवर कुणी थेंबभर पाणी घातलं नाही आणि नऊ बकुळींना पालवी फुटली. मेलेल्या तिघींतली एक उपटायला गावातला मजूर आणला. खाली झाड लावायला जांभ्या दगडात कोरलेला चौकोनी खड्डा, तळाला हिरवट पाणी, मुळं काळी पडून कुजलेली.

"सायबा, ही तर दोण जाल्या!" मजूर म्हणाला.

दोण. आमच्या गोठ्यापुढेही होती, गुरांना पाणी प्यायला. माळ्याने रोग अचूक ओळखला होता आणि मी त्याचा 'ण' तपासत बसलो होतो.

तो कागद मी मागे घेतला नाही. घेतला असता तर कचेरीत माझं हसं झालं असतं, एवढंच कारण.

पुढे एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तो दिसला. नारळांचं पोतं वाहत होता. मला बघून त्याने ते खाली ठेवलं.

"झाडां जगली मां, साहेबानु?"

"नऊ जगली."

"मिया गेल्यार पानी कोनी घातल्यान?"

"कुणीच नाही."

"मगे जगतलीच," तो म्हणाला आणि पोत्याला हात लावायची खूण केली. मी हात लावला, पोतं त्याच्या डोक्यावर चढवलं. 'माझं चुकलं' एवढं म्हणायला मात्र माझं शुद्ध मराठी उपयोगी पडलं नाही.