चौऱ्याहत्तरचे नव्वद

दहा ग्रॅम हायड्रोजन आणि चौसष्ट ग्रॅम ऑक्सिजन, तर पाणी किती? फळ्यावर मी थाटात लिहिलं, नव्वद ग्रॅम. ब्रह्मपुरीच्या क्लासमधले आमचे सर चष्मा पुसत म्हणाले, "चौऱ्याहत्तर टाकले न् नव्वद काढले! वरचे सोळा का वैनगंगेतून भरून आणले, बाई?" वर्ग खिदळला. तास संपल्यावर सर हळूच म्हणाले, "तू मोलचे गणितं सोडूनच दे. बायोलॉजी पाह्य."

सोडायची कशी? आदल्या वर्षी नीटमध्ये असलीच तीन गणितं कोरी ठेवली होती आणि डॉक्टरकीची सीट थोडक्यात हुकली होती. घरच्यांनी आणखी एकच वर्ष दिलं होतं. मला सरांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

परीक्षेला आठवडा असताना गावी गेले. अंगणात तेंदूपानांचा ढीग पडलेला. सत्तर पानं आणि सालीचा एक दोर, की झालं पुडकं. आईसोबत बांधायला बसले. शेवटी सहाच दोर उरलेले पाहून मी शहाणपणाने म्हणाले, "आई, आधी दोर सरतील."

तिने मानही वर केली नाही. "कमी दिसते म्हणून काऊन तेच आधी सरन? पानं साडेतीनशेच आहेत. पाच पुडके होतीन, एक दोर उरन."

झालं तसंच. मी तिथेच थबकले. हायड्रोजन वजनाला कमी, म्हणून तोच आधी संपणार असं मी वर्षभर धरून चालले होते! एका पुडक्याला काय किती लागतं, हे कधी विचारलंच नव्हतं. वही आणली. हायड्रोजनचे पाच मोल, ऑक्सिजनचे दोन. ऑक्सिजनच्या दोनाला हायड्रोजनचे चारच लागतात. म्हणजे ऑक्सिजन आधी सरला. पाणी बहात्तर ग्रॅम, वर दोन ग्रॅम हायड्रोजन शिल्लक. चौऱ्याहत्तर! आनंदाने मी अंगणभर नाचले. "पानं तुडवू नको व!" आई ओरडली.

मग आठवडाभर दिसेल त्या गणिताची मी पुडकी बांधली.

परीक्षा सुटली तेव्हा आई गेटबाहेर उभी होती. "काई उरलं का?" तिने विचारलं.

"काईच नाई!"

सीट मिळाली. सरांसमोर पेढ्यांचा डबा ठेवून मी म्हणाले, "चौऱ्याहत्तर आहेत, सर. मोजून घ्या. नव्वद होत नाई."

सरांनी एकापाठोपाठ दोन पेढे तोंडात टाकले आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"आता बहात्तर," ते म्हणाले. "पाणी बराबर आलं, डॉक्टरीणबाई."