नाई म्हणजे नाही

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही: त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांत मोठ्यानं हसलो तो मी होतो, आणि ज्यावर हसलो ती माझीच करणी होती.

मी पुण्याच्या एका लहान कंपनीचं काम वर्ध्यात घरी बसून करतो. आम्ही टर्मिनल बनवतो. म्हणजे कॉम्प्युटरवरची ती काळी खिडकी, जिच्यात माऊस न हलवता नुसते हुकूम टाइप करायचे. सिनेमात चोर जिच्यासमोर बसून बँका लुटतात, ती. आमची खिडकी मराठीत बोलते, एवढंच तिचं कौतुक. काम अर्धवट असताना कोणी तिला बंद करायला गेलं, की ती विचारते: 'काम चालू आहे. तरी बंद करू? हो / नाही'.

या प्रश्नामागचा जुना कोड ओबडधोबड होता, पण शहाणा होता. 'हो' आलं तरच बंद करायचं, दुसरं काहीही आलं तर गप्प राहायचं. मला तो सुधारायची हुक्की आली. मी वाक्य उलटं फिरवलं: 'नाही' आलं तर थांब, नाहीतर कर बंद. कोड आटोपशीर दिसायला लागला. मग टेस्ट लिहिल्या. टेस्ट म्हणजे आपल्या कोडची आपणच घेतलेली परीक्षा. पेपर मी काढला, सोडवलाही मीच. 'हो' टाकून पाहिलं, पास. 'नाही' टाकून पाहिलं, पास. हिरव्या खुणा पाहून स्वतःवर खूश झालो आणि जेवायला उठलो.

"भाजी देऊ काय?" बायकोनं विचारलं.

"नाई."

तिनं वाढली. आपल्याकडे वाढणाऱ्याच्या लेखी 'नाई'चा अर्थ 'हो'च असतो. माझा कोडही नेमका तसाच आग्रही यजमान झाला होता, आणि मी समोर वांग्याची भाजी चिवडत बसलो होतो. डोक्यात काही म्हणता काही शिरलं नाही.

आमचा माल तपासायला पुलगावची एक बाई होती, तिशीतली. काम पाहू आणि मग कायम करू, अशा बोलीवर घेतलेली. मला 'भाऊ' म्हणायची. फोनवर आम्ही दोघं मस्त वऱ्हाडी झाडायचो. कॉलवर मात्र माझ्या तोंडातून असं धुतलेलं मराठी निघायचं, की माझ्या आईनंही मला ओळखलं नसतं.

त्या दिवशी ती एका गिऱ्हाइकाला आमची खिडकी दाखवत होती. आत सकाळपासून एक लांबलचक काम चालू होतं. चुकून तिचा हात बंद करायच्या बटणावर पडला. खिडकीनं विचारलं. तिनं घाईत, जशी बोलते तसंच टाइप केलं: नाई. खिडकी फटकन मिटली. सकाळपासूनचं काम गेलं आणि पाठोपाठ गिऱ्हाईकही.

लगेच मालकांनी सगळ्यांना कॉलवर बसवलं.

"तुम्ही नक्की काय टाइप केलंत?"

"नाई, सर."

"नाई म्हणजे न्हावी. दाढी करून घ्यायची होती का?"

सगळे हसले. मी वर सांगितलंच, कोण जास्त हसलं ते.

"सर, आमच्याकडे असंच म्हनतात," ती म्हणाली. "भाऊले विचारा ना."

पडद्यावरचे सगळे चेहरे माझ्याकडे वळल्यासारखे वाटले. कोडमध्ये काय झालं असेल, ते मला तोवर लख्ख कळलं होतं. जुना कोड असता तर 'नाई'च काय, 'अबे थांब ना' टाइप केलं असतं तरी खिडकी उघडी राहिली असती.

"बोलताना म्हणतात, सर," मी म्हणालो. "लिहिताना 'नाही'च लिहितात."

तिला कायम केलं नाही.

त्याच संध्याकाळी मी कोड पूर्ववत केला, 'नाई'ची एक टेस्ट जोडली आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं: 'किरकोळ साफसफाई'. एका बाईची नोकरी घालवून मी साफसफाई केली म्हणे.

परवा तिचा फोन आला. हल्ली ती पुलगावात दिराच्या मोबाइलच्या दुकानात बसते.

"भाऊ, तुमची नवी खिडकी टाकून पाह्यली. नाई लिहिलं त थांबली ना बाप्पा! कोनं केलं?"

"केलं कोणीतरी."

"देवमानूस हाय. त्याले सांगजा, थोडं आधी केलं असतं त माही नोकरी राह्यली असती."

टोमणा होता की खरंच कौतुक, मला विचारवलं नाही. "दुकान कसं चालून राह्यलं?" असं काहीतरी विचारलं. "चालते," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मालक सध्या पुन्हा तपासायला माणूस शोधताहेत. कोणी ओळखीचं आहे का, म्हणून मलाही विचारलं. मी म्हटलं, बघतो.

एकाच कॉलवर मालक आणि ती, दोघंही समोर असताना मला सांगायचं आहे, की चूक तिच्या लिहिण्यात नव्हती, माझ्या कोडमध्ये होती, आणि मी पण 'नाई'च म्हणतो. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.