केव्हाही परत घेऊ

मांडवीजवळ बाबांचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एका जिन्याखालची जागा. पण विकलेल्या प्रत्येक नाण्याबरोबर ते स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून द्यायचे : 'नाणे खरे आहे. खोटे निघाल्यास केव्हाही परत घेऊ.' खाली सही. बाजारातले इतर लोक आठ दिवसांची मुदत घालत आणि बाबांच्या 'केव्हाही'ला हसत. बाबा म्हणायचे, "आठ दिवस खरं आणि नवव्या दिवशी खोटं, असं नाणं मी अजून पाहिलं नाही."

मी कॉलेजात असताना त्यांना मोतीबिंदू झाला. डॉक्टरचं नाव काढलं की चिडायचे. हट्टी माणूस. भिंग नुसतं हातात धरून बसायचे. मग न बोलताच आमच्यात एक ठरून गेलं : बाबा नाणं काचेवर टाकून आवाज ऐकणार, काट्यावरचं वजन आणि नाण्याची कड मी बघणार. गिऱ्हाइकांना वाटे, मुलगी धंदा शिकतेय.

त्याच सुमारास एकदा बाबा एक नाणं उलटं धरून त्यावरची अक्षरं लावत बसले. शेजारच्या दुकानदाराने चार लोकांत टर उडवली, "काका, हवे चश्मा बदलो!" आता तरी चश्मा बदला म्हणे. बाबाही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत. मला त्या शेजाऱ्याचा इतका राग आला होता की त्याच्या चहाचा कप मी मुद्दाम विसळला नाही.

त्यानंतर चार दिवसांनी मास्तर आले. हे तरसालीला राहणारे निवृत्त शिक्षक. त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. आजोबांच्या पहिल्या पगारातला एक चांदीचा रुपया घरी देव्हाऱ्यात होता, तो घर बदलताना हरवला. गुजरात राज्य होऊन कितीतरी वर्षं झाली, पण मास्तर अजून 'आपल्या संस्थानात' असंच बोलायचे. त्याच सालचा रुपया ते कधीपासून शोधत होते. आणि करजणच्या एका माणसाकडून बाबांनी घेतलेल्या जुन्या नाण्यांच्या पिशवीत नेमका तो निघाला.

मास्तर स्टुलावर बसले होते. बाबांनी रुपया काचेवर टाकला, कान तिरका केला, पुन्हा टाकला. मग माझ्या कानाशी झुकून म्हणाले, "आवाज जरा बसका वाटतोय. वजन बघ गं."

मी बघितलं. रुपया चांगला दोन गुंजा हलका होता. कडेवर सांध्याची बारीक रेघ होती. टांकसाळीत नाणं ठोकून पाडतात, त्याला सांधा नसतो. सांधा असतो तो साच्यात ओतलेल्याला.

शेजारचा इकडेच बघत होता. बाबांनी घेतलेलं नाणं खोटं निघालं, हे आता त्याच्यादेखत बोलायचं? मी म्हटलं, "बरोबर आहे, बाबा."

त्यांनी आपल्या कानावरचा विश्वास बाजूला ठेवला आणि माझ्यावर ठेवला. चिठ्ठी लिहिली. मास्तरांचे डोळे भरून आले होते.

पुढे दर दिवाळीला मी मास्तरांकडे फराळ घेऊन जायची. देव्हाऱ्याकडे बघायची नाही. निघाले की मास्तर फाटकापर्यंत पोचवायला यायचे, मी वळेपर्यंत उभे राहायचे. ते मला सहन व्हायचं नाही.

बाबा गेले. दुकान माझ्याकडे आलं. पहिलं नाणं विकलं तेव्हा चिठ्ठी लिहायला बसले आणि 'खरे आहे' यापुढे हात चालेना. दुकान बंद करून तशीच तरसालीला गेले.

"मास्तर, तो रुपया परत घ्यायला आलेय. तो खोटा आहे."

ते उठले, देव्हाऱ्यातून रुपया आणून माझ्यासमोर ठेवला. दर लक्ष्मीपूजनाला चिंचेने घासून घासून महाराजांच्या गालावर तांबं उघडं पडलं होतं.

"मला ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "पाचव्या दिवाळीलाच तांबं दिसलं."

"मग आला का नाहीत? चिठ्ठी होती ना तुमच्याकडे."

"चिठ्ठी घेऊन आलो असतो, तर तुझ्या बाबांना कबूल करावं लागलं असतं की त्यांना दिसत नाही. त्यांनी परत कुणाला चिठ्ठी दिली नसती. दुकानच संपलं असतं त्यांचं. मी म्हटलं, चुकला माणूस. माफ करून टाकलं."

मी गप्प बसले असते तर सगळं तिथंच मिटत होतं. पण चूक बाबांच्या नावावर राहिली असती, आणि ती त्यांची नव्हतीच.

"बाबा चुकले नव्हते," मी म्हणाले. "आवाजावरून त्यांना शंका आली होती. वजन मी बघितलं. सांधाही दिसला मला. मी खोटं बोलले."

मास्तरांनी रुपया उचलून त्याची कड बघितली.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच त्यांना माफ करत आलो," ते म्हणाले.

मी पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले, मोजले नाहीत. आतून चिठ्ठी आणली, रुपयाभोवती गुंडाळली आणि पुडी माझ्या हातात दिली. बाबांची सही वर आली होती.

मी निघाले. फाटक उघडलं, लावलं, वळायच्या आधी मागे पाहिलं. मास्तर बाहेर आले नव्हते.