पढीक : वाक्यात उपयोग करा

“बाई, इतकं पढीक मराठी तुम्ही घरीसुद्धा बोलता का हो?”

शेवटच्या बाकावरून आवाज आला. आठवीचा वर्ग, भिवंडीतली शाळा, आणि फळ्यासमोर हातात खडू घेऊन मी. आवाज मुलाचा नव्हता. निवड समितीवर आलेल्या तज्ज्ञ सरांचा होता. मुलं आधी गोंधळली. मग सरच हसतायत म्हटल्यावर अख्खा वर्ग खिदळला.

मी त्या शाळेत तासिकेवर मराठी शिकवत होते. तास मिळाला तर पगार, नाहीतर बसा घरी. त्या दिवशी कायम नोकरीसाठी समितीसमोर पाठ घ्यायचा होता. विषय त्यांनीच दिलेला. ‘पढीक’ हे विशेषण, त्याचे समानार्थी शब्द, वाक्यात उपयोग. मी फळ्यावर लिहिलं होतं, पुस्तकी, पंडिती, पोथीनिष्ठ. मुलांना सांगत होते की ज्याचं वाचलेलं पचलेलं नसतं, पण मिरवायची हौस दांडगी असते, त्याला पढीक म्हणतात. आणि ज्याचा अभ्यास खरा, तो व्यासंगी. एवढ्यात सरांनी तो शब्द उचलला आणि माझ्याच अंगावर टाकला.

आणि हे कोण म्हणत होतं? माझ्या आधी याच सरांनी वर्गाला मार्गदर्शन केलं होतं. “प्रस्तुत विशेषणाच्या व्युत्पत्तीचा परामर्श घेता...” अशी सुरुवात. एक अक्षर कळेल तर शपथ! नुसतं नाकानं कांदे सोलणं. पोरं जांभया देत होती. मुख्याध्यापिका बाई मात्र मान डोलवत म्हणाल्या, “केवढा व्यासंग सरांचा!”

मी तर साधं, शाळेतलं मराठी बोलत होते. तेही याच बाईंनी मला शिकवलेलं. कसं शिकवलं, तेही सांगते.

याच शाळेत मी सहावीत होते. बाई तेव्हा मराठीला होत्या. त्यांनी विचारलं, “कविता पाठ झाली का?”

“न्हाय बाई,” मी म्हणाले.

त्यांनी मला दारात उभं केलं. “जा, तोंड धुऊन ये. तुमच्या लोकांची भाषा वर्गाबाहेर ठेवायची.”

आम्ही अंजूरचे. बौद्ध. तुमच्या लोकांची म्हणजे कुणाची, ते वर्गाला कळलं आणि मलाही कळलं. गावातल्या ज्या जमीनवाल्यांच्या शेतात आता गोदामं उभी आहेत, त्यांची पोरंही न्हायच म्हणायची. त्यांना कुणी दारात उभं केलं नाही.

आणि मी, वेडी, खरंच नळावर गेले. खरंच तोंड धुतलं. फ्रॉकला पुसलं आणि वर्गात येऊन ‘नाही’ म्हणाले. बाई म्हणाल्या, “शाबास.” त्या शाबासकीची मला आज किळस येते. पण तेव्हा आनंद झाला होता.

मग मी जीभ घासूनपुसून लख्ख केली. घरीदेखील नाही, आहे, पाणी, कुठे. आई दापोड्याच्या गोदामात खोकी भरते. दिवसभर उभी राहून घरी यायची आणि माझं ते बोलणं ऐकून म्हणायची, “माझ्याशी तरी बाईसारखी नको गं बोलूस. परकी वाटतंस.” मी बदलले नाही. मला वाटायचं, एकदा नोकरी लागू दे, मग तिला कळेल.

आणि आता नोकरी दाराशी आलेली, आणि सर म्हणत होते पढीक. न्हाय म्हटलं तर गावंढळ, नाही म्हटलं तर पढीक. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी थोडं हसून घेतलं. नोकरी हवी होती ना!

सरांना चेव आला. “अहो, तुमची अंजूरकडची बोली किती गोड आहे! ते तुमचं हाय, न्हाय. जरा बोलून दाखवा. मुलांना गंमत वाटेल.”

बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “बोल गं. सर सांगतायत ना.”

ज्या शब्दासाठी तोंड धुवायला पाठवलं, तोच शब्द आता करमणुकीला हवा होता. माझ्या आईची भाषा. डोकं सणकलं माझं.

“न्हाय,” मी म्हणाले.

वर्ग हसला. सरांनी टाळी वाजवली. “वा! अगदी अस्सल!”

“न्हाय सर. मी न्हाय बोलून दाखवणार.”

तेव्हा हसू थांबलं. सरांना पहिल्यांदाच माझं मराठी नीट कळलं.

मी फळ्याकडे वळले. पाठ अपुरा होता, वाक्यात उपयोग राहिला होता. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सर बोलले की व्यासंगी, मी बोलले की पढीक.’ फळ्यावरचं उतरवून घ्यायची पोरांना सवय. सगळ्यांनी माना खाली घालून उतरवून घेतलं. सर उठून गेले.

नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. माझ्या तासिकाही बंद झाल्या. बाई फाटकाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “तुझा स्वभाव आड आला गं.” मी त्यांना नमस्कार केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आईला वाटला असेल अभिमान? छे! तिनं कपाळावर हात मारला. “एकदा बोलून दाखवलं असतंस तं काय जीभ झडली असती? आता हाय का नोकरी?” आणि रडत बसली. घरात पगार एकच आहे, तिचा, आणि तिचे पाय सुजतात. तिचं काही चुकलं नाही.

नारपोलीच्या एका शाळेत जागा निघाली आहे. तिथंही समिती असेल, पाठ असेल, शेवटच्या बाकावर कुणीतरी सर असतील. मी जाणार हाय. शुद्ध बोलायचं तिथं शुद्धच बोलेन, आणि कुणी पढीक म्हटलं तर पाठ थांबवून विचारेन, कुणाला म्हणताय आणि का. वर्गात एखादी पोर न्हाय म्हणाली, तर तिचा शब्द मी फळ्यावर लिहीन.

पण नोकरी मिळो न मिळो, तोंड धुवायला मी परत नळावर जाणार न्हाय.