वाकळेची टोपी

निघायच्या दिवशी आप्पांनी मला सांभाळून राहा म्हटलं नाही की पोचल्यावर फोन कर म्हटलं नाही. कोल्हापुरातलं भाड्याचं घर रिकामं करून आम्ही शेवटचे काही दिवस माझ्या माहेरी, शिरोळला, काढले होते. गाडी दारात उभी होती. माझा नवरा महेश डिकीत बॅगा कोंबत होता आणि अव्वा, म्हणजे माझी आई, आमच्या शिवानीच्या कपाळाला विभूती लावत होती. आप्पा खांबाला टेकून हे सगळं बघत होते. शेवटी ते जावयाला म्हणाले, "पावणं, तिथलं घर कितव्या मजल्यावर हाय?"

तिसऱ्या, असं महेशनं सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांनी नातीला जवळ ओढलं.

"पोरी, पाणी आलं की वर चढायचं. कुणी काय बी सांगू दे, खाली उतरायचं न्हाय."

शिवानीनं ते कवितेसारखं पाठ म्हणून दाखवलं आणि आम्ही सगळे हसलो. जपानला जाणाऱ्या पोरीला कुणी असा आशीर्वाद देतं का? पण कृष्णाकाठच्या म्हाताऱ्याकडं दुसरा आशीर्वाद नसतो. महापुरात शिवानी जेमतेम चालायला लागली होती. आप्पांनी तिला खांद्यावर घेऊन गच्ची गाठली होती आणि बोट येईपर्यंत आम्ही सगळे तिथंच होतो. तिला त्यातलं काही आठवत नाही. ऐकून ऐकून मात्र सगळं तोंडपाठ आहे.

महेश कोल्हापुरात फौंड्रीत होता. तिकडच्या एका कारखान्याला ओतकामातला जाणता माणूस हवा होता, म्हणून आम्हाला बोलावणं आलं. गाव समुद्राजवळचं, कारखान्यांचं. रस्ते इतके स्वच्छ की मला सुरुवातीला चपला हातात घ्याव्याशा वाटायच्या. सगळं शांत, आणि ती शांतता मला काही पटेना. आमच्याकडं गल्लीत भांडण नसलं तर माणसं विचारतात, काय झालंय म्हणून. इथं खांबाखांबावर निळ्या पाट्या होत्या. मला वाटलं, गल्ल्यांची नावं असतील. महेशनं फोनमधून वाचून सांगितलं की ही जागा समुद्रापेक्षा किती उंच आहे ते लिहिलंय. त्यानंतर भाजी आणायला जाताना मी पाट्या बघत जायला लागले. बाजार खाली होता, शाळा त्याहून थोडी वर, आणि आमचं घर दोन्हींच्या मध्ये.

रोज संध्याकाळी खांबांवरचे कर्णे एक मंद धून वाजवतात. पोरांनो घरी जा, असा त्याचा अर्थ. समुद्राचा इशारा द्यायला हे कर्णे चालू आहेत ना, हेही त्यातून तपासतात, असं महेशला कारखान्यात कुणी तरी सांगितलं. हे त्यानं मला सांगायला नको होतं.

शाळा एप्रिलात सुरू होणार होती. आमच्याकडं शाळेची खरेदी म्हणजे जूनमधली मजा. दप्तर, वह्या, कंपासपेटी, खाकी कव्हरांचा गठ्ठा, आणि मग घरभर चिकटपट्टीचे तुकडे. इथं शाळेनं सामानाची यादी दिली. दुकानात कडक कातडी पेटीसारखी दप्तरं ओळीनं मांडलेली होती. शिवानीनं विटकरी रंगाचं उचललं, पाठीला लावलं आणि आरशात बघून खूश झाली. तिथपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

पुढं एकेक वस्तू हातात येत गेली तसं मला ती खरेदी वाटेनाशी झाली. पिवळी टोपी, लांबून पोरगी दिसावी म्हणून. दप्तराच्या पट्ट्याला अडकवायचा एक चेंडूएवढा भोंगा, दोरी ओढली की कर्कश ओरडणारा, कुणी हात धरला तर वाजवायचा. गणिताच्या डबीतले मणी, काड्या, चकत्या, त्या प्रत्येकावर नाव चिकटवायचं. हरवलेली चकती घरी परत यावी म्हणून, हे मला कळत होतं. पण एवढ्या एवढ्या चकतीवर पोरीचं नाव लिहिताना मनात नको ते येत होतं. आणि सगळ्यात शेवटी एक जाड, रुपेरी, गादीसारखी टोपी. डोकं, कान, मान सगळं झाकणारी. एरवी ती खुर्चीवर घालून पोरं तिच्यावर बसतात आणि जमीन हलायला लागली की तीच डोक्यावर ओढतात. आतल्या बाजूला कापडी पट्टी होती. तिच्यावर नाव, घरचा फोन आणि रक्तगट लिहायचा.

रक्तगटापाशी मी थांबले. "पोरगी शाळेला चाललीया का लढाईला?" मी महेशला म्हणाले. दुकानातली बाई आमच्याकडं बघून कमरेत वाकली आणि हसली, कारण तिला वाटलं आम्हाला टोपी आवडली.

टोपी मी घेतली नाही. घरी शिवलेली चालते, असं शाळेच्या कागदावर होतं आणि मला तेवढाच एक आधार सापडला. अव्वानं बॅगेत तळाला एक वाकळ घातली होती. तिच्या नेसून विरलेल्या लुगड्यांची आणि आप्पांच्या धोतरांची, बारीक टाक्यांची गोधडी. महापुरात ती माळ्यावर होती म्हणून वाचली. ती मी जमिनीवर पसरली, कात्री घेतली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मग कापली. फोनवर अव्वा भडकली. "वाकळ कापत्यात व्हय गं कुणी? न्हाय म्हणून सांगायचं की त्या शाळंला." थोड्या वेळानं तिचाच पुन्हा फोन आला. टोपी उपाशी शिवू नकोस म्हणाली.

आमच्या घरात वाकळेचा शेवटचा कोपरा मिटायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात. पांघरणाऱ्याचं पोट कधी रिकामं राहू नये म्हणून. मी तांदळाच्या पिठाची भाकरी केली, तव्यावर कडक होईपर्यंत ठेवली आणि नखाएवढा नव्हे, चांगला बिस्किटाएवढा तुकडा कापडात गुंडाळून कोपऱ्यात शिवला. शिवानी शेजारी बसून बघत होती. हे कशाला, असं तिनं विचारलं. अडीनडीला, मी म्हणाले. हिरवी, डाळिंबी, पांढरी अशी ती ठिगळांची टोपी वर्गातल्या रुपेरी टोप्यांत एकटी उठून दिसायची. वर्गाच्या बाईंनी हात फिरवून टाके बघितले. दोरा मजबूत आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

मे संपता संपता एक दिवस मी स्वयंपाकघरात होते. आधी भूकंपाच्या इशाऱ्यानं फोन ओरडला. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांनी ऐकू नये. फोन काय म्हणतोय ते कळायच्या आत फडताळातली भांडी बोलायला लागली. मग जमीन आडवी सरकली. मी टेबलाखाली गेले नाही. दाराची चौकट धरून उभी राहिले आणि शिवा शिवा करत राहिले. थांबल्यावर पायात चप्पल आहे की नाही हेही न बघता मी जिना उतरले.

रस्त्यावर कर्णे बोलत होते. रोजची धून नव्हती, एका बाईचा सावकाश आवाज होता. इतक्या दिवसांत मला भाजीपाल्यापुरतं जपानी यायला लागलं होतं. त्या सगळ्या बोलण्यातला मला एकच शब्द कळला, त्सुनामी. येतेय की येत नाही, ते कळलं नाही. शेजारीपाजारी पळत नव्हते, पण इथली माणसं कशालाच पळत नाहीत. मी पळाले. आप्पा म्हणायचे की पाणी येताना आवाज करत नाही, म्हणून मी पळता पळता मागं वळून समुद्राच्या बाजूला बघत होते.

शाळेच्या मैदानात पोरं रांगा करून खाली बसली होती. रुपेरी टोप्याच टोप्या, एक पोर बोलत नव्हतं. मी हिरवा आणि डाळिंबी रंग शोधत होते. शिवानीच्या, पहिलीच्या वर्गाची रांग मी पुढून बघितली, मागून बघितली. दुसऱ्या आयांना आपलं पोर ओळखायला जवळ जावं लागलं असतं. मला लांबूनच कळलं की शिवानी तिथं नाही.

वर्गाच्या बाई पोरं मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा मोजली. मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं आणि त्यांचा चेहरा पांढरा झाला. त्या काही तरी ओरडल्या, दोन मास्तर इमारतीकडं धावले. मी त्यांच्या मागं निघाले तर तिथल्या एका शिक्षिकेनं माझा दंड धरला. एवढीशी बाई, पण तिनं मला हलू दिलं नाही. जमीन पुन्हा एकदा हलली, खिडक्यांच्या काचा वाजल्या. आत माझी पोरगी होती. मला त्या क्षणी महेशचा राग आला, कारखान्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. चांगलं नदीकाठी राहत होतो. तिथलं मरण निदान ओळखीचं होतं.

एक मास्तर तिला कडेवर घेऊन बाहेर आला. टोपी डोक्यावरच होती. शिवानी रडत नव्हती, उलट रागावलेली होती. सगळ्यात वरच्या जिन्याच्या टोकाला, गच्चीच्या कुलूपबंद दारापाशी ती बसलेली सापडली. धक्का बसल्यावर ती बाकीच्यांबरोबर बाकाखाली गेली होती. टोपीही नीट घातली होती. मग रांग जिन्यापाशी आली, सगळे खाली निघाले आणि ही एकटी गर्दीतून सुटून वर गेली. बाईंनी पुढून हाक मारली असेल, हात केला असेल. पण कुणी काय बी सांगू दे, असं तिला पढवून ठेवलेलं होतं.

मी तिला घट्ट धरलं तेव्हा माझ्या बोटांना टोपीचा कोपरा लागला. तिथले टाके उसवलेले होते. दातांनी.

"अगं, हे काय केलंस?"

"आज्जा म्हणतोय, पाणी लवकर उतरत न्हाय," ती म्हणाली. "मला भूक लागली असती की."

तिच्या मुठीत भाकरीचा तुकडा होता. अर्धा खाल्लेला, अर्धा राखून ठेवलेला. मी मैदानात सगळ्यांसमोर मोठ्यानं रडले, कोल्हापुरी रडले. इथं तसं कुणी रडत नाही. वर्गाच्या बाई माझ्यापुढं कमरेत वाकून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ सरळ झाल्याच नाहीत. चूक त्यांची नव्हती. हे त्यांच्या भाषेत कसं म्हणायचं, ते मला येत नव्हतं.

समुद्र त्या दिवशी आला नाही. कर्णे तेच सांगत होते, घाबरू नका म्हणून. पुढच्या आठवड्यात बाईंनी शिवानीला जवळ बसवून चित्रं काढून दाखवली. आधी बाकाखाली, मग मैदानात, आणि समुद्र आला तर सगळे मिळून मागच्या टेकडीवर. हे मी आप्पांना फोनवर सांगितलं. त्यांनी ते सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे शेवटी वरच जायचं की." आणि थोडं थांबून, "पर सगळ्यांच्या संगं. त्ये सांगायचं ऱ्हायलं माझं."

टोपीचा कोपरा मी पुन्हा शिवला. आत नवी भाकरी घातली.

हे लिहितेय ते खरं तर आजच्या फोनमुळं. तुम्ही वाचणारे तिकडं आहात, तुम्हाला बातमी आधीच ठाऊक असेल. धरणांतून पाणी सोडलंय, राधानगरीकडं पाऊस थांबत नाही आणि कृष्णा पात्र सोडून वर आलीय. गल्लीतली निम्मी माणसं छावणीत गेली. आप्पा गेले नाहीत. अव्वाला त्यांनी तिच्या भावाकडं पाठवलं आणि स्वतः ओसरीवर खुर्ची टाकून बसलेत. पाणी पायरीला लागलंय, असं म्हणाले, जणू पावणा दारात आलाय. मी ओरडले, महेशनं विनवण्या केल्या. बघू की, एवढंच उत्तर. नातीला शिकवलेलं त्यांना स्वतःला नको होतं.

इथं आल्यावर मला वाटायचं, घर मागं राहिलं. आता तसं वाटत नाही. इकडं समुद्राकडं आणि तिकडं नदीकडं, दोन्हीकडं एकदमच बघत बसायचं, हेच आता आमचं घर झालंय.

शिवानीनं माझ्या हातातून फोन घेतला. जपानी शाळेत जाऊन तिची मराठी थोडी अडखळते. हे मात्र अडखळलं नाही.

"आज्जा, वर चढ. कुणी काय बी सांगू दे, खाली उतरायचं न्हाय. आन् भाकरी घेऊन जा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, डब्याचं झाकण वाजलं. आप्पांनी फोन बंद केला नाही, बहुतेक सदऱ्याच्या खिशात टाकला असावा. जिन्याच्या पायऱ्यांवर त्यांची काठी वाजायला लागली, आणि आम्ही तिघं तो आवाज ऐकत बसलो.